चतुराबाईनं छताला भोकं पाडली

सेनगावच्या जीप स्टँडवर माझं अर्धं आयुष्य गेलं. कुणाची गाडी पासिंगला अडकली, कुणाचा मेव्हणा रुसून बसला, सगळं मला ठाऊक असतं. पण कुणाबद्दल चार शब्द चांगले बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते, हे माझी बायको बी सांगंल. तरी चतुराबाईबद्दल बोलतो. बोलावंच लागतं, कारण स्टँडवर आता जो उठतो तो ती गोष्ट आपल्या मनानं सांगून राहिला, अन् त्यात मी सोडून सगळे शहाणे दिसतात. वस्तुस्थिती अशी की तेव्हा आमी सगळेच येडे होतो, मी जरा जास्त.

चतुराबाई म्हणजे माझा दोस्त भीमराज, त्याची बायको. भीमराज जीपचे हूड शिवायचा. काळ्या-पिवळ्या जीपवर ते कॅनव्हासचं छत असतं ना, ते. आमच्या दोघांची घरं बौद्धवाड्यात एका भिंतीची. शहाण्णव साली कावीळ झाली अन् वीस दिवसांत गडी गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, अन् तिसऱ्या दिवशी वहिनीनं दुकानाच्या फळ्या काढल्या. बारा वर्षं ती नवऱ्याच्या पायाशी बसून दोऱ्याला मेण लावायची, आयलेटच्या कड्या ठोकायची, सुया पुसून ठेवायची. तिला हे काम येतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

"लुगडं नेसून जीपवर चढणार कशी?" असं स्टँडवर पहिल्यांदा कुणी म्हणालं असंल तर ते मी. माझं तोंड असंच आहे. तिच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं कासोटा खोचला, माझ्या गाडीजवळ आली अन् म्हणाली, "भावजी, तुमचा हूड फाटलाय. तुमच्यापासूनच सुरू करते." न्हाई म्हणायला मला तोंड राहिलं न्हाई. तो हूड माझ्या गाडीवर नऊ वर्षं होता. ताडपत्री विरली, पण शिलाई उसवली न्हाई.

तिची एक पद्धत होती, नवऱ्याकडून आलेली. काम झालं की गाडी अशी द्यायची न्हाई. स्वतः आत जाऊन बसायची अन् बाहेरून दहा-पंधरा बादल्या पाणी मारायला लावायची. आत बसून शिवणीवर बोटं फिरवायची. कुठं ओल लागली तर तिथंच टाका. गिऱ्हाईक कितीबी घाईत असो, बादली झाल्याशिवाय गाडी हलत न्हाई. त्या बादलीवर तिचा एवढा भरवसा होता की विचारू नका. अन् त्याच भरवशानं तिला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं.

दोन हजार दोनची दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीन निघालं होतं, कापूस वेचणीला होता. एका सकाळी तिच्या दुकानापुढं जुनी मॅटाडोर येऊन उभी राहिली. चालवणारा प्रभू, साखऱ्याच्या दगडोबा मेंढपाळाचा लेक. हा हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, टेम्पोवर ड्रायव्हर, त्यामुळं माझ्या ओळखीचा. बाजूला दगडोबा पागोटं सावरत बसलेला, अन् मागं प्रभूची आई बनाबाई. बनाबाई गाडीतून उतरली तेव्हा तिच्या छातीची घरघर मला चार हातांवरून ऐकू आली.

दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ही माणसं मेंढरं घेऊन फिरतात. आज या शेतात मुक्काम, उद्या त्या. शेतकऱ्याला खत होतं, यांना धान्य मिळतं. झोपायचं उघड्यावर, घोंगडीत. बनाबाईनं असे चाळीस हिवाळे काढले होते. पण मागच्या हिवाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात भरती करावं लागलं, अन् दुसऱ्या वेळी डॉक्टरनं प्रभूला बाजूला घेऊन सांगितलं की ही बाई पुन्हा थंडीवाऱ्यात उघड्यावर झोपली तर पुढचा हिवाळा काढणार न्हाई. प्रभू म्हणाला, मेंढरं इकून टाकू. एकट्या दगडोबाच्यानं कळप सांभाळणं शक्य नव्हतं, त्यामुळं दुसरा इलाजच नव्हता. बनाबाई म्हणाली, मेंढरं इकली तर मी हिवाळ्याची बी वाट बघत न्हाई.

शेवटी मायलेकांत ठरलं. या एका हिवाळ्यापुरती मॅटाडोर. मुक्काम हलला की प्रभूनं येऊन ती पुढं न्यायची, आईनं रात्री तिच्यात झोपायचं. छातीचं दुखणं उलटलं न्हाई तर मेंढरं राहतील. उलटलं, तर कळप व्यापाऱ्याला, अन् आई साखऱ्याला घरी. बनाबाईनं त्याला हो म्हटलं होतं, अन् ती दिलेला शब्द फिरवणारी बाई नव्हती. म्हणजे सगळं त्या गाडीवर आलं.

प्रभूनं गाडीसाठी डोकं बी चालवलं होतं. मॅटाडोरचं छत गॅरेजवाल्याकडून कापून घेतलं अन् चार कोपऱ्यांना पाइपात पाइप सरकणारे खांब लावून घेतले. रस्त्यानं जाताना छत खाली बसायचं, न्हाईतर बाभळीच्या फांद्यांत अडकतं. मुक्कामाला आलं की दोघांनी धरून उचलायचं अन् खिळी ठोकायची, की छत दोन हात वर. मधी फळ्यांची माचण, माचणीवर बनाबाईचं अंथरूण, खाली सामान. तिला उठून बसता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. पण छत उचललं की चारी बाजू उघड्या, अन् डोक्यावर नुसता पत्रा. तो पत्रा थंडीत असा गार पडायचा की हात लावला तर हात दुखावा.

"वारं आत नको," दगडोबा म्हणाला. "थेंब नको, वारं नको. बस."

"झोपणार कितीजण?" वहिनीनं विचारलं.

"म्हातारी. कवा मी. खाली सामान."

वहिनीनं चार दिवस खपून काम केलं. चारी बाजूंनी जाड कॅनव्हास, छताबरोबर वर उठणारा अन् छताबरोबर घडी होऊन खाली बसणारा. पत्र्याला आतून फोम, फोमवर रेग्झीन, जसं जीपच्या सीटला करतात तसं, कारण तिला तेच ठाऊक होतं. जिथं कॅनव्हास पत्र्याला भिडतो तिथं दुहेरी पट्टी. शिवणीच्या भोकांत मेणबत्ती घासली. मग आत बसली, अन् आमी वीस बादल्या मारल्या. मी तर बाजूनं तिरप्या मारल्या, मुद्दाम. आत टिपूस न्हाई. प्रभू इतका खूश झाला की सगळ्या स्टँडला चहा पाजला. मी बी म्हणालो की काम बराबर झालं, म्हणजे बघा.

बाराव्या दिवशी मॅटाडोर परत दुकानापुढं उभी. प्रभू उतरला तो लाल होऊन. "मावशी, छत गळून राहिलं. अंथरूण ओलं, घोंगडी ओली. आईला दोन दिवस ताप होता. औंढ्याच्या डॉक्टरनं सुया दिल्या तवा उतरला."

वहिनीनं आत चढून रेग्झीनला हात लावला. फोम पाणी पिऊन फुगला होता. दाबला की शिवणीतून थेंब. तिचं तोंड उतरलं. ती खाली आली अन् न बोलता बादली भरली. पुन्हा आत बसली, पुन्हा आमी पाणी मारलं. बाहेरून आत एक थेंब गेला न्हाई.

स्टँडवरच्या टिवल्याबावल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, छताला मेंढराची माया लागली म्हणून रडून राहिलं. मी म्हणालो, "वहिनी, शिलाईत खोट असंल. कबूल करून टाका, माणूस चुकतो."

ती माझ्याकडं वळली. "भावजी, दिवाळीपासून आभाळातून थेंब पडलाय का?"

"न्हाई."

"मग शिलाईतून आलं काय? पाणी आलं कुठून ते तुमी सांगा, मी लगेच कबूल करते."

मला काय कळतं त्यातलं. 

प्रभू भांडला न्हाई, हे त्याचं मी मानतो. पण त्यानं स्पष्ट सांगितलं, "मावशी, तुमच्यावर राग न्हाई. पण आई एकदा तापली. मी जवळा बाजार गावच्या व्यापाऱ्याशी बोललोय. पुढच्या बाजाराला तो ट्रक घेऊन येतो. आईनं बी हो म्हणून मान हलवली."

"बाजाराला किती दिवस हायत?"

"आठ."

"मग आठ दिवस माझे," ती म्हणाली. "मुक्काम कुठं हाय तेवढं सांग."

तो गाडी घेऊन गेला. ती मला म्हणाली, "भावजी, उद्या पहाटं निघायचं. ती माणसं गाडी उघडायच्या आत मला तिथं पोचायचंय." मी म्हणालो, माझी सकाळची हिंगोलीची फेरी बुडंल. ती म्हणाली, बुडू द्या. अन् तुमाला सांगतो, तिच्या बोलण्याला असा काही आवाज होता की मी खरंच बुडू दिली.

औंढ्याच्या अलीकडं, तुरीच्या शेतापलीकडं मुक्काम होता. आमी पोचलो तेव्हा सूर्य वर येऊन राहिला होता. दहिवर एवढं पडलेलं की जाळीच्या आतली मेंढरं पांढरी दिसत होती. मॅटाडोरचं छत वर उचललेलं. दगडोबानं मागचं दार उघडलं, अन् आतून कोकरू उडी मारून बाहेर. मग दुसरं. मग तिसरं. मी बघतोय, वहिनी बघतेय, कोकरं संपेनात. दाराशी गरम वाफेचा असा लोट आला की माझ्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या.

"दगडोबा," वहिनी म्हणाली, "ही रोज रात्री आतच असतात व्हय?"

"मंग? थंडीत मारायची का?"

"किती हायत?"

दगडोबानं तोंड फिरवलं. बनाबाई चुलीपासून म्हणाली, "बाई, ते नको विचारू. आमच्यात कोकराचा आकडा परक्याला सांगत न्हाईत. दृष्ट लागती. बोटानं बी मोजू नको."

आता कळलं. वहिनीनं दुकानात विचारलं होतं की झोपणार किती, तेव्हा कोकरांचं नाव काढलं तर पुढं किती म्हणून विचारणार, अन् ते तर सांगायचं न्हाई. म्हणून दगडोबानं कोकरांचा विषयच काढला न्हाई. 'खाली सामान' म्हणून मोकळा झाला. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "अरे बाबा, तुझ्या दृष्टीपायी या बाईची सगळ्या स्टँडवर अब्रू गेली." दगडोबा काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

वहिनी मात्र रागावली न्हाई. ती गाडीत शिरली, रिकाम्या तळाकडं बघितलं अन् विचारलं, "बनाबाई, आकडा नको. सगळी बसली की तळ भरतो का मोकळा राहतो?"

"पाय ठेवाया जागा न्हाई ऱ्हात."

"तेवढं सांगितलं तरी पुरे."

मग ती मला म्हणाली, "भावजी, भाताच्या भगुण्यावर झाकण ठेवलं की झाकणाला पाणी कुठून येतं? आभाळातून येतं का? मी वारं आत येऊ नये म्हणून सगळं बंद केलं. यांचा श्वास बाहेर जायला जागाच ठेवली न्हाई. रात्रभर ही सगळी श्वास सोडतात, तो वर गार पत्र्याला लागतो अन् पाणी होऊन म्हातारीच्या अंगावर पडतो. चूक माझीच हाय. मी बादली नेहमी बाहेरून मारली. आतून पाणी येतं हे मला सुचलंच न्हाई."

असं सगळ्यांसमोर म्हणाली. आमच्या स्टँडवर एक बी मिस्त्री असं म्हणणार न्हाई, मी लिहून देतो.

अन् त्याच हातानं तिनं उसवायला घेतलं. चार दिवस खपून लावलेलं रेग्झीन तिनं पातं घालून टराटरा फाडलं. ओला फोम बाहेर फेकला. मला बघवेना. एकेका टाक्याला तिनं दोरा मेणातून काढला होता, ते मी डोळ्यानं बघितलं होतं. मी म्हणालो, वहिनी, थोडं ठेवा तरी. ती म्हणाली, "चुकलेलं अर्धं ठेवून काय करू?"

"आता वर काय लावणार?" बनाबाईनं विचारलं.

"तुमी अंगावर काय घेता?"

"घोंगडी."

"तीच. घोंगडी दवात भिजली तर गार लागती का?"

"न्हाई. भिजली तरी ऊब ऱ्हाती. अन् उन्हात टाकली की दुपारपत्तुर वाळती."

"मग मी फोमच्या मागं काहून लागले होते कुणास ठाऊक."

बनाबाईनं सामानातल्या तीन जुन्या, जाड घोंगड्या काढून दिल्या. पुढचे चार दिवस वहिनी सेनगावाहून एसटीनं रोज ये-जा करत होती. पत्र्याला आधी लाकडी पट्ट्या ठोकल्या, बोटभर जाडीच्या. घोंगडी त्या पट्ट्यांवर ताणली, म्हणजे पत्रा अन् घोंगडी यांच्यात बोटभर पोकळी राहावी अन् गारठा सरळ खाली उतरू नये. घोंगडी कायमची शिवली न्हाई, कडीला अडकवली, म्हणजे दुपारी काढून उन्हात टाकता यावी. बाहेरचा कॅनव्हास तसाच, फक्त खालची कड तिनं आणखी हातभर लांब केली. पाणी पत्र्यावरून घसरावं अन् गाडीच्या बाहेरच गळावं, म्हणून.

इथवर सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मी बी तिथं गेलो होतो. तिनं कात्री घेतली अन् छताच्या अगदी जवळ, समोरासमोरच्या दोन बाजूंना, कॅनव्हासला वितभर रुंद भोकं पाडली. दगडोबा धावत आला. "अगं ए बाई, वारं बंद कराया बोलावलं तुला, अन् तू भोकं पाडून राहिली?"

"दगडोबा, कोकरं किती हे तुमी सांगितलं न्हाई, मी काही बोलले का? मग भोकं काहून हे मला विचारू नका."

बनाबाई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. पण मला हसू आलं न्हाई. मी वहिनीला बाजूला घेऊन म्हणालो की तुमी आता हट्टाला पेटल्या. उद्या पाऊस आला अन् त्या भोकातून पाणी गेलं, तर ही म्हातारी जाईल अन् नाव तुमचं निघंल.

"मला ठाऊक न्हाई का?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट. "भीमराज गेले तवा मला कुणी सांगितलं न्हाई की दुखणं कशानं हाय. आज उद्या करत बसले सगळे. इथं मला ठाऊक हाय कशानं हाय ते. मग मी कशी गप बसू?"

मी तिच्या हातात सुई दिली.

प्रत्येक भोकावर तिनं बाहेरून कॅनव्हासची टोपी शिवली, तोंड खाली असलेली, म्हणजे पाणी वरून ओघळून जावं अन् आतली वाफ खालून निघून जावी. आतून एक पडदी अन् दोन बंद. बनाबाईला तिनं शिकवलं, "वारं ज्या अंगानं असंल त्या अंगाची पडदी बांधायची, उलट्या अंगाची सोडायची. दोन्ही कधी बांधायच्या न्हाईत. कितीबी गारठा असो. समजलं?" बनाबाईनं तिच्यापुढं दहादा बांधून सोडून दाखवलं, शाळेतल्या पोरीवाणी.

बाजाराच्या आदल्या दिवशी मुक्काम जवळा बाजारजवळ हलला होता. दुपारपासून आभाळ भरून येऊन राहिलं. डिसेंबरात असं आभाळ आलं की शेतकरी वेचलेला कापूस झाकायला पळतो. वहिनी स्टँडवर आली अन् माझ्या जीपमधी बसली. "चला," म्हणाली. कुठं ते विचारायची गरज नव्हती.

पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. वारं असं सुटलं की तुरीची झाडं जमिनीला लागत होती. गारा आल्या, मग पाऊस. दगडोबा घोंगडीची खोळ करून मेंढरांच्या मधी जाऊन बसला, त्याला दुसरीकडं करमत न्हाई. बनाबाईनं कोकरं आत लोटली. वहिनी तिच्यामागं माचणीवर चढली.

"तुमी कशाला?" मी म्हणालो. "चला, गावात कुणाकडं तरी थांबू."

"बादली बाहेरून झाली भावजी. आज आतून बघते." अन् कॅनव्हास खाली सोडला.

रात्रीचं मी सांगत बसत न्हाई. मी जीपमधी होतो, माझे दात वाजत होते, अन् दोनदा वाटलं की मॅटाडोरचं छत उडून औंढ्याला जाणार. बस.

पहाटं पाऊस थांबला. उजाडलं. चिखलात मेंढरं अंग झाडून राहिली. दगडोबा उठून आला, शेकोटी पेटवायला लागला. मॅटाडोर गप. बनाबाई म्हणजे चांदणी दिसायच्या आत उठणारी बाई, चाळीस वर्षांत तिच्या आधी कोंबडा आरवला न्हाई असं दगडोबाच सांगायचा. सूर्य हातभर वर आला, तरी आतून हूं न्हाई की चूं न्हाई. अन् सगळ्यात वाईट म्हणजे खोकल्याचा आवाज न्हाई.

एवढ्यात व्यापाऱ्याचा ट्रक बांधावरून आत आला. पुढं प्रभू बसलेला. तो उतरला, बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आई कुठं हाय?"

दगडोबानं नुसतं मॅटाडोरकडं बोट केलं. मला माझीच लाज वाटत होती की मी रात्रभर पन्नास हातांवर होतो अन् एकदा बी हाक मारली न्हाई.

"आई," प्रभूनं हाक मारली. "ए आई."

तो गाडीवर चढला. मी मागून चढलो. त्यानं कॅनव्हासचे बंद सोडायला घेतले, पण त्याच्या बोटांना ते सुटेनात. मी सोडले. पडदा वर केला.

दोघी झोपल्या होत्या. बनाबाई कॅनव्हासकडं तोंड करून, अन् वहिनी तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून. खाली कोकरं एकमेकांवर माना टाकून पडलेली. उलट्या अंगाची पडदी सोडलेली होती, त्यातून बारीक उजेड येत होता. मी वर हात लावला. घोंगडी जराशी दमट, बस. अंथरूण कोरडं. उशी कोरडी.

प्रभूनं आईच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली, उजेड बघितला अन् त्याच्यावरच उसळली, "सूर्य कुठं आला बघ. उठवायचं न्हाई व्हय मला? कोकरं उपाशी पडली."

वहिनी उठून बसली. केस सुटलेले, डोळे लाल. तिनं आधी वर बघितलं, मग अंथरुणावरून हात फिरवला, चारी कोपरे. एका कोपऱ्यात बोट थांबलं, तिथं दोन बोटं ओल होती. तिनं मला नुसती खूण केली की इथं टाका पायजे. मग ती बनाबाईच्या मागं सरकली अन् तिच्या पाठीला कान लावला. बनाबाई म्हणाली, "काय ऐकून राहिली?"

"प्रभू," वहिनी म्हणाली, "इकडं ये. माझं ऐकू नको. तूच ऐक."

प्रभू गुडघ्यावर सरकत गेला. एवढा टेम्पो चालवणारा रांगडा गडी, लेकरावाणी आईच्या पाठीला कान लावून बसला. बनाबाईनं श्वास घेतला, सोडला. परत घेतला. मी बी ऐकत होतो, दगडोबा दारातून मान वर करून ऐकत होता. दमा बरा झाला असं मी म्हणत न्हाई, तो शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिला. पण त्या सकाळी, एवढ्या गारांच्या रात्रीनंतर, तिच्या छातीत घरघर नव्हती.

खाली व्यापारी हाका मारत होता की मेंढरं भरायची कवा, बाजार भरून राहिला.

प्रभूनं कान काढला. तोंड पुसलं. तो गाडीवरून खाली उतरला अन् व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, गाडी वळवून घ्या. मागं चिखल हाय, सांभाळून. मी हात दाखवतो."